हॉट प्रेसमधलं फडताळ

आमच्या घरात एक कॉम्प्युटर हरवला होता आणि तो चालू होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे बायकोला पटवताना माझी अख्खी संध्याकाळ गेली.

“हरवलाय तर चालू आहे हे तुला कसं कळलं?”

“तो उत्तर देतोय.”

“मग त्यालाच विचार ना, कुठे आहेस म्हणून.”

मी इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. कॉम्प्युटरला आपला नेटवर्कवरचा पत्ता माहीत असतो. आपण कपाटात आहोत की पलंगाखाली, हे त्याला माहीत नसतं. हे मी बायकोला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि “म्हणजे काही उपयोग नाही” असं म्हणून ती पोळ्या करायला गेली. ती रोज इथे आयर्लंडमध्ये, आमच्या स्वोर्ड्सहून पार डंडॉकला गाडी हाणत ऑफिसला जाते आणि परत येते, त्यामुळे घरी आल्यावर तिला फक्त उपयोगाच्या गोष्टी ऐकायच्या असतात.

हरवलेला कॉम्प्युटर म्हणजे माझा पुण्याहून आणलेला जुना लॅपटॉप. त्याचा पडदा फुटला होता, बॅटरी मेली होती, पण जीव शाबूत होता. असली वस्तू फेकून देणाऱ्यांतला मी नाही. मी त्याचं झाकण कायमचं मिटवलं आणि त्याला घरातल्या सगळ्या फाइली सांभाळायच्या कामाला लावलं. फोटो, लग्नाचा व्हिडिओ, मुलीचे पहिली पावलं टाकतानाचे व्हिडिओ, कोणी कधीच न वाचलेली गॅरंटी कार्डं, सगळं त्याच्यात. घरातल्या कुठल्याही मशीनवरून वाय-फायने त्याच्यातलं काहीही काढता यायचं. नेटवर्कवर त्याला काहीतरी नाव द्यावं लागतं, म्हणून मी ‘फडताळ’ दिलं. एक गोष्ट मात्र मी खास आपल्या सवयीने केली. वीज आली की बटण न दाबता आपोआप सुरू हो, असं मी त्याला शिकवलं. पुण्यात लोडशेडिंग बघितलेला माणूस असंच करणार. आयर्लंडमध्ये आमची वीज फारशी कधी जातच नाही, पण माणूस तयारीत असलेला बरा.

दुसरी गोष्ट, मी त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या पोटाला चिकटवला होता. ऑफिसमध्ये कोणी असं केलं तर मी त्याला लेक्चर देतो. घरी चालतं.

तर हे फडताळ आमच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत खुर्चीमागे पडून असायचं. मग सासूबाई आल्या आणि ती खोली त्यांची झाली.

सासूबाई नागपूरच्या. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. सासरे गेल्यावर नागपूरच्या घरात त्या एकट्या पडल्या. बायको एकुलती एक, म्हणून तिने त्यांना इकडे ओढून आणलं. “थोडे दिवस येते, मग पाहू,” असं त्या म्हणाल्या. स्वभावाने करड्या, पण माझ्याशी अतिशय अदबीने. मी जावई. त्या मला ‘अहो जावईबापू’ म्हणतात आणि मी त्यांना ‘आई’ म्हणून ‘तुम्ही’ म्हणतो. आम्ही दोघं एकमेकांना इतका मान देतो की साधं भांडणसुद्धा आम्हाला जमत नाही. त्यांना माझं काही खटकलं तर त्या मुलीला सांगतात. मला त्यांचं काही खटकलं तर मीही त्यांच्या मुलीलाच सांगतो. मुलगी डंडॉकहून दमून आलेली असते.

सासूबाईंना आयर्लंडमध्ये एकाच गोष्टीचा मनापासून राग आला, तो म्हणजे दही लागत नाही याचा. पाऊस, थंडी, दुपारी चारला होणारा अंधार, हे सगळं त्यांनी सोसलं. इथल्या दुधाचं तर त्यांना फार कौतुक. “काय साय येते बाप्पा,” असं म्हणून त्या पातेल्याकडे बघत राहायच्या. पण त्या दुधाचं दही काही होईना. दुकानातलं योगर्ट त्यांनी एक चमचा खाऊन बाजूला ठेवलं आणि ते फक्त विरजणापुरतं चालेल असा निकाल दिला. मग प्रयोग सुरू झाले. पातेलं शालीत गुंडाळून ठेवलं. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं. तांदळाच्या डब्यात पुरलं. रेडिएटरवर ठेवलं, पण आमचं हीटिंग ठरावीक वेळी आपोआप बंद होतं. सकाळी उठून बघावं तर दूध जसंच्या तसं, फक्त जरा नाराज.

मग बायकोच्या ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की हॉट प्रेसमध्ये ठेवा. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते तो हॉट प्रेस. टॉवेल, चादरी त्यात ठेवायच्या म्हणजे उबदार राहतात. आमच्या घरातही जिना चढून गेल्यावर समोरच हॉट प्रेस आहे. फक्त घरमालकाने नवा बॉयलर बसवताना टाकी काढून नेली. आत राहिल्या नुसत्या फळ्या. सासूबाईंनी रात्रभर तिथे पातेलं ठेवलं आणि सकाळी बाहेर येऊन म्हणाल्या, “नाव हॉट प्रेस अन् आत थंडगार. असं काहून खोटं सांगून राहिले हे लोक?”

त्यानंतर काही दिवस त्या गप्पगप्प असायच्या. दही ही लहान गोष्ट आहे असं आपण म्हणू, पण त्या घरात आल्यापासून त्यांच्या हातून नीट झालेलं असं काहीच नव्हतं. वॉशिंग मशीनची बटणं वेगळी, गॅस नाही, विजेची शेगडी, बसमध्ये चढताना ड्रायव्हर काय बोलतो ते कळत नाही. नात मराठी समजते पण उत्तर इथल्या इंग्रजीत देते. “आजी, इट्स ग्रँड,” म्हणजे इथल्या भाषेत ‘ठीक आहे’, असं ती प्रत्येक गोष्टीला म्हणते, आणि सासूबाईंना ते अजिबात ग्रँड वाटत नव्हतं. मुलीजवळ त्यांनी परत जायचा विषय काढला होता.

आणि एके दिवशी दही लागलं. नुसतं लागलं नाही, सुरीने कापावं असं लागलं. सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. मीही दुसऱ्यांदा घेतलं आणि म्हणालो, “आई, तुमच्या हाताचं दही म्हणजे दही.” त्या लाजल्यासारखं हसल्या. परत जायचा विषय मागे पडला. हे दही नेमकं कसं काय लागायला लागलं, असा प्रश्न घरात कोणालाही पडला नाही. मी इंजिनिअर आहे, मलाही पडला नाही.

पुढे सासऱ्यांना जाऊन वर्ष व्हायची तारीख जवळ आली. तो रविवार होता. सासूबाई म्हणाल्या, “भटजी वगैरे इथं काही नको. त्यांच्या आवडीचं जेवण करू. कढी, दहीभात. आणि लग्नातलं ते त्यांचं शूटिंग आहे ना, ते पाहू. त्यांचा आवाज ऐकून वर्ष झालं मले.”

सासऱ्यांना कॅमेऱ्याचा तिटकारा होता. फोटोत ते कायम अर्धे किंवा पाठमोरे. त्यांचा चालता-बोलता असा एकच तुकडा होता, आमच्या लग्नाच्या व्हिडिओतला. त्याची नागपूरची डीव्हीडी कोणीतरी बघायला नेली ती नेलीच. माझ्याकडची प्रत ही एवढीच उरलेली. सासूबाई आल्या त्याच आठवड्यात मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, “काळजी करू नका, सगळं माझ्याकडे सेफ आहे.”

“पाहू की,” मी म्हणालो, आणि वर जाऊन छोट्या खोलीत खुर्चीमागे बघितलं. तिथे खुर्ची होती. मागे काही नव्हतं.

आता हे मी सासूबाईंना कसं सांगणार? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, खोली आवरली तेव्हा तूच हलवलास. मी म्हणालो, तू हलवलास. या मुद्द्यावर आम्ही बराच वेळ ठाम राहिलो. माळा बघितला, जिन्याखालचं कपाट बघितलं, गाडीची डिकी बघितली. शेवटी मी बायकोला म्हटलं, आईंना विचार. तिने विचारलं, “आई, तुझ्या खोलीतला तो काळा लॅपटॉप पाहिलास का?” सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, “मले काय समजते त्या लॅपटॉपमधलं?”

यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. आयुष्यभर शाळेत इन्स्पेक्शनला तोंड दिलेल्या बाई त्या. पण तेव्हा आम्हाला ते ‘नाही’ असंच ऐकू आलं. आणि सासऱ्यांचा व्हिडिओ त्याच लॅपटॉपमध्ये आहे हे बायकोने त्यांना सांगितलं नाही, कारण मीच तिला सांगू दिलं नव्हतं. सेफ आहे म्हणालो होतो ना. त्या विचारायच्या, “सापडलं का हो शूटिंग?” मी म्हणायचो, “शोधतोय आई, फाइल मोठी आहे, वेळ लागतो.”

माणसांकडून काही कळेना, तेव्हा मी नेटवर्कला विचारायचं ठरवलं. कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडायची, जिच्यात चित्रं नसतात, नुसती आज्ञा टाइप करायची. त्यात एक कमांड अशी आहे की ती सगळ्या घरभर हाळी देते: फाइली वाटणारं कोण कोण आहे इथे? मग जे जे आहेत ते आपापलं नाव आणि पत्ता सांगतात. दुपारी मी हाळी दिली. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपने ओ दिली. प्रिंटरने दिली, जो छापायला सांगितलं की कधी ओ देत नाही. शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरनेही दिली. त्याचं इंटरनेट बंद पडलं होतं तेव्हा मी त्याला आमच्या वाय-फायचा पासवर्ड दिला होता. तो ‘तू ग्रँड माणूस आहेस’ म्हणाला होता आणि तेव्हापासून आमच्याच इंटरनेटवर होता. त्याच्या सुट्टीतल्या फोटोंचं फोल्डर मला उघडं दिसत होतं. मी आत गेलो नाही. दार उघडं दिसलं म्हणून शेजाऱ्याच्या घरात शिरायची आमच्याकडे पद्धत नाही.

फडताळ मात्र नव्हतं. म्हणजे मीच आवराआवरीत ते रिसायकलिंगला दिलं, असं मला जवळजवळ आठवायलाही लागलं. सासूबाईंना काय तोंड दाखवू, हे खरोखर कळेना.

संध्याकाळी, वेड्या आशेने, पुन्हा एकदा हाळी दिली. आणि यादीत शेवटी नाव आलं: फडताळ. मी खुर्चीतून उठलोच. घरात आहे, जिवंत आहे, आपल्या वाय-फायवर आहे. तेव्हाच मी बायकोला बोलावलं आणि मघाशी सांगितलेला तो संवाद झाला.

मी त्याच्यात शिरायचा प्रयत्न केला. त्याने पासवर्ड मागितला. मला जे जे आठवले ते सगळे देऊन बघितले. नाही. पासवर्ड कुठे लिहिलाय ते मला नीट आठवत होतं, लॅपटॉपच्या पोटावर. किल्ली आत ठेवून कुलूप लावण्याचं काम मी स्वतःच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर ते पुन्हा गायब. संध्याकाळी हजर. पुन्हा सकाळी गायब. हे असं का होतंय, यावर मी इंजिनिअरसारखा विचार केला. डिस्क मरायला टेकली असणार. गरम झाली की बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. म्हणजे प्रत्येक संध्याकाळ ही शेवटची असू शकते. मी इंटरनेटवर मरणाऱ्या डिस्कांबद्दल इतकं वाचलं की मलाच धाप लागायला लागली. खरं कारण याहून पुष्कळ साधं आहे, असं मला एकदाही वाटलं नाही.

सासूबाई मात्र त्या दिवसांत खुशीत होत्या. रविवारच्या तयारीला लागल्या होत्या. “शनिवारी संध्याकाळी दही लावीन, रविवारी ताजं पायजे त्यांना,” असं त्या मुलीला सांगत होत्या, आणि मी जिन्यावरून ऐकत होतो.

शनिवारी संध्याकाळी मला शेवटी एक युक्ती सुचली. फडताळाला बॅटरी नाही. वीज गेली की ते तत्क्षणी बंद पडणार. म्हणजे घरातले विजेचे स्विच एकेक करून पाडायचे, आणि कुठला पाडल्यावर ते उत्तर द्यायचं थांबतं ते बघायचं. मी काळ्या खिडकीत एक छोटी कमांड सुरू केली, जी सतत ‘आहेस का’ विचारते आणि पलीकडून ‘आहे’ येतं. लॅपटॉप दाराजवळच्या फ्यूजबोर्डाखाली जमिनीवर ठेवला आणि पहिला स्विच पाडला.

“अरे लाइट!” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

“दोन मिनिटं,” मी म्हणालो. पडद्यावर ‘आहे, आहे, आहे’ चालूच होतं. वर केला, दुसरा पाडला. शेगडी बंद. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा ‘आहे, आहे’. सासूबाई बैठकीत मालिका बघत होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, पण जावई फ्यूजबोर्डाशी काही करत असेल तर बोलायचं कसं, म्हणून परत टीव्हीकडे वळल्या. त्यांचे गुडघे दुखतात. जिना चढताना त्या कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबून चढतात.

मी पुढचा स्विच पाडला. पडद्यावरचं ‘आहे’ थांबलं.

“वरचे सॉकेट!” मी इतक्या आनंदाने ओरडलो की मुलगीही खेळ सोडून बघायला आली. “वरचे सॉकेट बंद केले आणि तो गेला! वर आहे तो!”

सासूबाई सोफ्यावरून उठल्या. “वरचे बंद केले? कायले?” आणि मी उत्तर द्यायच्या आत जिन्याकडे निघाल्या. कठडा नाही, थांबणं नाही. अर्ध्या जिन्यावरून वळून त्या मला म्हणाल्या, “चालू करा ते, जावईबापू. आधी चालू करा.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला असा हुकूम कधी दिला नव्हता. मी निमूटपणे स्विच वर केला आणि त्यांच्या मागे धावलो.

त्या हॉट प्रेससमोर उभ्या होत्या. दाराला पाठ लावून.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “टॉवेल पायजे होता.”

त्यांच्या पायाशी एक काळी वायर होती. व्हॅक्यूम क्लीनरचं सॉकेट आहे तिथून निघून ती हॉट प्रेसच्या दाराखालून आत गेली होती. ती वायर मी कित्येक आठवडे रोज ओलांडत होतो. बॉयलरचं काहीतरी असेल असं मी धरून चाललो होतो. भाड्याच्या घरात माणूस वायरींना प्रश्न विचारत नाही. आणि आता, दाराच्या आतून, एक पंखा सुरू झाल्याची बारीक घरघर ऐकू आली. तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

“आई,” मी म्हणालो, “तो आत आहे का?”

त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी स्वतःच दार उघडलं.

मधल्या फळीवर पोळ्या गार करायची तारेची जाळी. जाळीवर माझं फडताळ, झाकण मिटलेलं, बाजूचा हिरवा दिवा लागलेला. त्यावर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर स्टीलचं पातेलं, आणि पातेल्यावर माझी हिरवी लोकरी टोपी, जी मी थंडीभर शोधत होतो.

“माझ्या खोलीत होता तेव्हा हात लावून पाहिला,” सासूबाई म्हणाल्या. आवाज वर्गात पकडलेल्या मुलीसारखा. “गरम होता. मस्त कोमट. नुसता पडून होता, कोणी वापरून नाही राहिलं. म्हटलं, या प्रेसमध्ये ठेवू, निदान नावासारखा तरी होईल. सकाळी बंद करून टाकते मी, वीज कायले जाळायची.”

“म्हणजे सकाळी तुम्ही स्विच…”

“खट् करून.”

मरणाऱ्या डिस्कचा सगळा शोक माझ्या डोळ्यांसमोरून गेला. वीज आली की आपोआप सुरू हो, हे मीच त्याला शिकवलं होतं. लोडशेडिंगच्या भीतीने मी सासूबाईंना एका स्विचवर चालणारी दही लावायची पेटी करून दिली होती.

“तुम्ही काढून घ्याल म्हणून सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची मशीन, अन् मी त्यावर दूध ठेवून राहिली. जावयाला काय सांगू? पण दही लागत होतं हो. इथं आल्यावर ही एवढी एक गोष्ट लागली.”

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. एवढे दिवस मी दोन-दोन वाट्या दही खाल्लं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं.

मग मीही सांगून टाकलं. “आई, तुम्ही ते शूटिंग मागत होतात ना, ते याच्यातच आहे. हा हरवला होता, म्हणून मी सांगितलं नव्हतं.”

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे.

“याच्यात?”

“याच्यातच.”

“म्हणजे इतके दिवस मी यांच्या डोक्यावर दही ठेवून राहिली होती?”

बायको तोपर्यंत लाटणं हातात घेऊन वर आली होती. ती जिन्यातच बसली आणि हसायला लागली. हसता हसता ती रडायलाही लागली आणि सासूबाई तिला म्हणाल्या, “हळू हस. आत्ताच लावलं आहे.”

हीच पुढची अडचण होती. पासवर्ड लॅपटॉपच्या पोटावर होता. लॅपटॉप उचलायचा म्हणजे पातेलं हलणार, आणि लावलेलं दही हलवायचं नाही हे मला माझ्या आईनेही शिकवलं आहे. मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबू. सासूबाईंनी थांबू म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वर्षभर ऐकला नव्हता आवाज त्यांनी. आता तो हाताच्या अंतरावर होता आणि वर त्यांचंच पातेलं.

मग मला जाळी दिसली. जाळीच्या पायांमुळे लॅपटॉपखाली बोटभर जागा होती. मी कार्पेटवर उताणा झोपलो, मान हॉट प्रेसच्या खालच्या कप्प्यात घातली आणि फोनचा कॅमेरा उघडून हात वर त्या फटीत सरकवला. सासूबाई टॉर्च धरून उभ्या. “डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे. हात वर नका लावू, हात वर नका लावू.” पहिला फोटो जाळीचा आला. दुसरा माझ्याच अंगठ्याचा. तिसऱ्यात, उलटी, वाकडी, पण माझ्या अक्षरातली चिठ्ठी आली. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता: विसरूनकोस.

“तरी विसरला,” बायको म्हणाली.

पातेलं तसंच राहिलं. आम्ही खाली आलो. मी माझा लॅपटॉप टीव्हीला जोडला, काळी खिडकी उघडली, फडताळाला हाक मारली आणि पासवर्ड दिला. त्याने त्याच्याकडच्या फोल्डरांची नावं सांगितली. लग्नाचं फोल्डर, त्यात मोठ्या फाइली. सासूबाई टीव्हीवरच्या पांढऱ्या अक्षरांकडे एकटक बघत होत्या, जणू त्यांतूनच कोणी चालत येणार. मी फाइल मागितली. वर, टोपीखालच्या दह्याला धक्का न लावता, ती खाली यायला लागली.

व्हिडिओत खूप वेळ नुसती माणसं जेवत होती. मग पंगतीच्या टोकाला सासरे दिसले, हातात मठ्ठ्याचा पेला. ते वाढप्याला म्हणत होते, “हा मठ्ठा आहे का? दही दाखवून तरी आणलं का पाण्याले? बोलवा तुमच्या मालकाले.” मग त्यांना कॅमेरा दिसला. “अन् हे काहून घेऊन राहिले? नवरीकडे जा.” आणि हात आडवा करून ते चौकटीबाहेर गेले.

तेवढंच होतं. बायको रडत होती. मला त्या घरात पहिल्यांदाच असं वाटलं की आपण एक काम बरोबर केलं, निम्म्याहून अधिक सासूबाईंच्या चोरीमुळे का होईना. सासूबाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पुन्हा लावा.” मी पुन्हा लावलं. त्या प्रत्येक वेळी मठ्ठ्याच्या वाक्याला मान हलवत होत्या. “खरंच पातळ होता तो मठ्ठा,” त्या शेवटी म्हणाल्या. “मीच म्हटलं होतं, लग्नघरात बोलू नका. उगीच गप्प केलं त्यांना.”

रविवारी दही आजवरचं सगळ्यात घट्ट निघालं. याचं कारण मला माहीत होतं. एवढी मोठी फाइल पाठवताना लॅपटॉप मेहनत करून जास्त तापला होता. मी ते समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

सासूबाई उन्हाळाभर राहिल्या आणि दिवाळीच्या आधी नागपूरला गेल्या, पुढच्या वर्षी यायचं कबूल करून. जाताना त्यांनी मला विरजणाचं प्रमाण सांगितलं. मुलीला नाही, मला, कारण मशीन माझी. फडताळ अजून हॉट प्रेसमध्येच आहे. तो व्हिडिओ मी आणखी तीन ठिकाणी ठेवला आहे, पण फडताळ मी हलवलं नाही. फक्त थंडी वाढली तेव्हा एक अडचण आली. ते नुसतं चालू असलं तर पुरेसं तापत नाही, त्याला काम द्यावं लागतं. आणि माझ्याकडे त्याला द्यायला काही काम नव्हतं. म्हणून मी खालून काळ्या खिडकीतून त्याला एक काम लावून दिलं. रोज संध्याकाळी दही लावलं की ते लग्नाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालवत बसतं. पडदा फुटलेला, आवाज बंद. सासरे अंधारात, टोपीखाली, वाढप्याला झापत असतात.

परवा सासूबाईंचा नागपूरहून फोन आला. त्या पहिलं वाक्य नेहमी तेच म्हणतात, “लागलं का?” मी म्हटलं, लागलं आई, आणि कसं लावतो तेही सांगितलं.

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “ते असले तर पातळ लागू देणार नाहीत.”